पडवळ कुठे राहते

नेरूळच्या सायबर कॅफेबाहेर सुनीती रांगेत उभी होती. पुढच्या दोघी कुजबुजत होत्या.

"ताई, ग्रुप तुम्ही चालवता. पडवळ कुठे राहते, एवढंच सांगा ना."

"नाही हं, दोडके. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांचा ग्रुप आहे. एकीचं जरी घरी कळलं, तर महिन्याभरात लग्न लावून मोकळे होतील. उगाच का सगळ्यांना भाज्यांची नावं दिली?"

"रोज तिच्या मेलची वाट बघते. जेवण जात नाही."

"भाजी कुठली असते?"

"चेष्टा नका करू. निदान स्टेशन सांगा."

"आज स्टेशन, उद्या सोसायटी. तिने विश्वासाने मला कळवलंय. मीसुद्धा तिला पाहिलेलं नाही."

"आणि तिने आपणहून सांगितलं तर?"

"तर तिची मर्जी."

पडवळ म्हणजे सुनीतीच होती. पण भर रस्त्यात, अनोळखी बाईला, "मी पडवळ" असं सांगायचं तरी कसं? तिने दोडकीच्या खांद्याला हात लावला.

"काय हो?"

"किती वाजले?"

"तुमच्या हातात घड्याळ आहे की."