भोपळ्याच्या फुलाचा दोरा

दवाखान्यात नणंद-भावजय रिपोर्टची वाट बघत कुजबुजत होत्या. शेजारी बसलेल्या शिवणकामवाल्या बाईंनी मासिक उघडलं होतं खरं, पण कान सगळे तिकडेच.

"ताई, भोपळ्याच्या फुलांना आज पुन्हा दोरे बांधलेले दिसले."

"दादानं बांधले असतील."

"त्यांना नर फूल कुठलं नि मादी कुठलं, तेही कळत नाही."

"अगं, मग काय आईनं बांधले? तिला जाऊन वर्ष होत आलं!"

"पण गाठ आईंचीच आहे, ताई."

"काहीतरीच तुझं. आई नराचे पराग मादी फुलाला लावायची, पाकळ्या मिटायची आणि वर लाल दोरा बांधायची. आता फळ धरणार, याची खूण."

"हा बघा. सकाळी उठले तर माझ्या मनगटाला होता."

"अगंबाई! कापून टाक आधी."

"हात धजत नाही हो."

नर्स हसत बाहेर आली. "अभिनंदन! गोड बातमी आहे."

दोघींपैकी कुणीच हसलं नाही.

"ताई, तो दोरा आई सोडायच्या कधी?"

"भोपळा पिकला की. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. स्वतःच यायची सोडायला."

"आणि भोपळा?"

"तो घेऊन जायची."