ठिपक्यांचा पाय

माझा पाय हाय, भिंत न्हाय! किती येळा सांगितलं पोरीला... पण ऐकती का ती? सख्खी लेक, शिवलीला, धाराशिवला कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवती, सुट्टीला घरी आली, चप्पल काढली न्हाय तवर, "आबा, पाय काढून द्या!" आता तुम्हाला सांगतो, गुडघ्याखालचा डावा पाय मळणीयंत्रानं नेला, त्या जागी ह्यो फायबरचा, त्याच्यावर मी रानात जातो, येरमाळ्याच्या डोंगरावर येडाई देवीच्या दर्शनाला जातो, कुणाचं काय अडलंय? पण कुणीतरी पोरीच्या कानात भरलेलं, पाय वाजतोय म्हणून. कुणीतरी म्हंजे कोण? चुलीपाशी बसून हसत हुती की, नागूबाई, आमची मालकीण! "अवं, चालताना कटकट वाजतोय, झोपेत वाजत न्हाय तेवढं नशीब!"

पोरीनं वरचं रबराचं कवच काढलं, आतला पाय पांढरा रंगवला, आन् त्याच्यावर काळं शिंतोडं! कबऱ्या शेळीगत! म्या म्हणलं, अगं, माझा पाय हाय, भिंत न्हाय! तर म्हणती, "उद्या फोटो काढायचाय."

फोटो! मग काय... कडक धोतर, गुलाबी फेटा, मिशीला तेल! कॉलेजात गेलो तर दोन कॅमेरे, हे मोठालं दिवं, मी छाती काढून उभा, आन् पोरगी म्हणती, "आबा, धोतर वर धरा. फोटो पायाचा हाय." घ्या!

मग पायरीवर चढा, भार द्या, उतरा, पुन्हा चढा... "अगं, ह्यानं हुतं काय?" म्हणलं. तर ती लहान असताना मी तिला समजवायचो ना, तसं तिनं मला समजावलं. "आबा, भार पडला की पाय केसभर ताणला जातो, डोळ्याला दिसत न्हाय. पण ठिपकं सरकत्यात. आधीचा फोटो न् नंतरचा फोटो ताडून कॉम्प्युटर बघतो, कुठला ठिपका किती सरकला. जिथं ताण जादा, तिथं लाल दाखवतो."

पडद्यावर पाय आला. निळा, हिरवा, गारेगार... आन् टाचेपाशी लाल. एवढंसं, कुंकवाएवढं.

शिवलीलानं त्या लाल ठिकाणी बोट टेकलं, पुन्हा जवळ जाऊन बघितलं. "काय झालं गं?"

"आबा, आईच्या वाकळीत थरावर थर असत्यात ना, तसंच ह्या पायात कापडाचे थर चिकटवलेले हायत. वरनं साबूत दिसतोय, पण आत टाचेत थर सुटायलेत. कवा मोडंल सांगता येत न्हाय. डोंगर उतरताना... खांद्यावर राजू असती तर..."

राजू म्हंजे राजेश्वरी, तिची लेक, चार वर्षांची. चैत्राच्या यात्रेत माझ्या खांद्यावर बसून डोंगर उतरती, माझं दोन्ही कान धरून.

पोरगी खाली बसली, त्यो पाय दोन्ही हातांनी धरला. फायबरचा हो, त्याला काय कळतंय? पण मला कळलं. म्या तिच्या डोक्यावर हात ठेवला, आन् फेट्याचा शेमला वढून डोळं पुसलं. कॅमेरे बंद हुते, बरं झालं.

नवा पाय बसवला. यात्रा झाली. राजू खांद्यावर, कान तिच्या मुठीत, पाय वाजला न्हाय. पायथ्याला शिवलीला उभी, पायाकडं बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत हुती.

आन् सुधारली का? कशाची! नवा पायबी रंगवला, "आबा, आता दर सहा महिन्याला बघायचं!" मी वरडलो, माझा पाय हाय, भिंत न्हाय! राजू आपली टकामका बघत हुती. आज दुपारी जरा डोळा लागला, उठून बघतो तर उजवा पाय, हाडामांसाचा, आईबापानं दिलेला... ज्वारीचं पीठ कालवून पांढराफेक केलेला, वर काजळाचं ठिपकं!

"आजोबा, ह्यालाबी कुठं दुखतंय बघायचंय. हलू नका, वलं हाय!"

तवापासनं बसलोय असाच. उठून रामराम घालता येईना, राग धरू नका... चहा तेवढा तुम्हीच आत जाऊन मागा!