फितीमागचं दार

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या व्यापारी संघाचे अध्यक्ष. आजचे सत्कारमूर्ती, इतकी वर्षं बाजारपेठेच्या वॉर्डाचे नगरसेवक आणि माझे सख्खे मामा. मामांची खुर्ची रिकामी होतेय म्हणून त्यांच्या दोन्ही बाजूंना अगदी चिकटून बसलेले तीन उमेदवार, म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक, ठेकेदारसाहेब आणि निवृत्त मुख्याध्यापिकाबाई. पुढच्या रांगेतल्या मामी. आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो.

भगिनी म्हटलं खरं, पण मागच्या रांगा रिकाम्याच दिसताहेत. त्या बाजारातल्या बायकांसाठी राखून ठेवल्या होत्या. मामा मघापासून मान उंच करून तिकडे बघताहेत. मामा, मान अवघडेल. त्या का आल्या नाहीत ते मला माहीत आहे, सांगतो. पण सगळ्यात शेवटी.

मला बोलायला का उभं केलं? मामाच म्हणाले, "भोंग्या, घरातलं कोणीतरी दोन शब्द बोललं की बरं दिसतं. तुझा आवाज चांगला आहे. फक्त फाटे फोडू नकोस." भोंग्या हे माझं नाव बाजाराने ठेवलंय. कारण सध्या शहरभर रिक्षातून जो कर्णा ओरडत फिरतोय ना, "आपला हक्काचा माणूस, आपली हक्काची बाई", तो मी. तिघांचाही मीच. सकाळी औषधवाले, दुपारी ठेकेदार, संध्याकाळी बाई. रिक्षा तीच, घसा तोच, फक्त मागचा फलक बदलायचा. एकदा दुपारी सकाळचाच फलक राहून गेला आणि मी ठेकेदारांच्या आवेशात औषधवाल्यांना मतं मागत फिरलो. कोणाच्याही लक्षात आलं नाही. ठेकेदारांच्यासुद्धा नाही. ते स्वतः बाल्कनीतून हात हलवत होते.

हे बघा, फाटा फुटला. मामा, माफ करा.

तर या तिघांना शहरासाठी काय करायचं आहे, हे माझ्याइतकं पाठ कोणाला असणार? औषधवाल्यांना शहर निरोगी करायचंय. "भरपूर पाणी प्या, आजार पळवा" हे त्यांचं घोषवाक्य. बाईंचा भर महिलांच्या सन्मानावर आहे. आणि ठेकेदारसाहेब भाजीबाजाराच्या पलीकडच्या टोकाला महिलांसाठी सुसज्ज स्वच्छतागृह बांधणार आहेत. टाळ्या वाजवायला हरकत नाही. वाजवा. नाही?

नाही वाजवत, कारण तुम्हाला माहीत आहे. अलीकडच्या टोकाला एक बांधून तयार आहे. त्यांनीच बांधलंय. पांढऱ्या फरशा, नळाला पाणी, आत आरसासुद्धा. दाराला कुलूप नाही, नुसती कडी आहे. आणि दारावर आडवी बांधलेली एक लाल फीत.

त्या फितीच्या बरोबर समोर माझी आई बसते. फुलं विकते. माझी आई म्हणजे मामांची थोरली बहीण, हे सभागृहात काहीजणांना माहीत नसेल. मामा भाषणात सांगत नाहीत कधी.

मी इथे टिकून राहणारा माणूस नाही. ट्रकवर क्लीनर होतो, मग एका लॉजवर चादरी बदलायला, मग मांडववाल्यांबरोबर. तिथे लॉजवर एक पाहुणा यायचा, तो स्वतःची उशी घेऊन... जाऊ दे, ते नंतर कधीतरी. सांगायचं इतकंच की आई आजारी पडली म्हणून मी परत आलो. फुलांच्या टोपलीवरच कोसळली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि माझ्यासमोर तिला झापलं, "आजी, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय. दिवसभरात पाणी किती पिता?"

आई म्हणाली, "तहान नाही लागत."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आई, तहान कशी लागत नाही गं? दिवसभर उन्हात असतेस."

म्हणाली, "लागते रे. पण प्यायचं आणि मग जायचं कुठे?"

बाजारातल्या सगळ्या बायकांचं हेच आहे. सकाळी अर्धा कप चहा, आणि मग संध्याकाळी घरी जाईपर्यंत ओठाला पाण्याचा थेंब नाही. समोर नळ, समोर दार, आणि मध्ये बोटभर रुंदीची फीत. मी म्हटलं, "आई, फीतच आहे ना? वाकून जा की खालून."

"उद्घाटन झालं नाही अजून."

"मग?"

"मग काय? मामा बोलून गेलाय. फितीला हात लागला तर समोरच्या रांगेतल्या जागा नव्याने वाटायच्या. माझी जागा गेली तर तू घालणार आहेस खायला? पुढच्या महिन्यात तू कुठे असशील ते तुला तरी माहीत असतं का?"

यावर तुम्ही काय बोलला असता?

आता मामांचा गौरव करायला उभा आहे, तर त्यांची बाजूही मांडली पाहिजे. सुरुवातीला उद्घाटनाला वरचे साहेब यायचे होते. साहेबांना वेळ नव्हता. मग वेळ होता तर साहेबांचा गळा बसला. मग साहेबच बदलले. फीत मात्र तिथेच. उन्हाने पार उडाली, बाहेरून फिकट गुलाबी आणि आतून लाल. एकदा वाऱ्याने सुटली, तर मामांनी स्वतः येऊन पुन्हा गाठ मारली. चोख काम. रस्त्याच्या खड्ड्याकडे त्यांनी इतक्या तत्परतेने कधी लक्ष दिलं असेल तर मला दाखवा.

मग निवडणूक लागली आणि आमच्या आईला वाटलं, आता नक्की उघडणार. निवडणुकीत सगळं उघडतं म्हणे.

त्या दिवशी मी औषधवाल्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसलो होतो, रिक्षात काय ओरडायचं ते विचारायला. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर हे तिघं, आणि खुर्चीत मामा. एकमेकांवर रोज माझ्याच तोंडून चिखलफेक करणारी माणसं एका थाळीतली बिस्किटं खात होती. मला वाटलं, चला, शहराचं काहीतरी भलं होतंय.

औषधवाले म्हणाले, "तुम्ही आत्ता उघडलंत तर नाव तुमचं. आम्ही मतं कशावर मागायची?"

ठेकेदार म्हणाले, "बांधलंय मी. कापायचा हक्क माझा."

बाई म्हणाल्या, "महिलांचं आहे, महिलेनेच कापावं. इथे महिला एकटी मीच आहे."

मग मामांनी तोडगा काढला, तोडगे काढण्यात त्यांचा हात कोण धरणार? म्हणाले, "निकाल लागू दे. निवडून येईल तो कापेल. तोवर कोणी हात लावायचा नाही."

"आणि त्या दारासमोर बसणाऱ्या बायका?" बाईंनी विचारलं. मला क्षणभर बाईंबद्दल आदर वाटला. पण त्या पुढे म्हणाल्या, "त्यांनी परस्पर वापरायला सुरुवात केली तर उद्घाटनाला काय अर्थ राहिला?"

मामा हसले. "माझी सख्खी बहीण तिथे बसते. तीसुद्धा हात लावणार नाही. माझा शब्द."

मी खोक्यांआड बसलो होतो. मामा, तुम्ही मला बघितलंत, आणि म्हणालात, "भोंग्या, चहा सांग." मी सांगितला. उद्यापासून काय ओरडायचं तेही लिहून घेतलं. निरोगी शहर. महिलांचा सन्मान. सुसज्ज स्वच्छतागृह.

या तिघांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत झालं, आणि ते माझ्या आईला तहानलेलं ठेवण्यावर. बाकी कोणत्या मुद्द्यावर मतदान करायचं ते तुम्ही ठरवा.

खुर्च्या सरकवू नका, ठेकेदारसाहेब, तुमच्याकडे येत नाहीये मी. अध्यक्षमहोदय, घंटी वाजवलीत तरी चालेल, ध्वनिक्षेपकवाला माझा दोस्त आहे.

आई दवाखान्यातून परत येऊन टोपलीसमोर बसली, तेव्हा मामा भेटायला आले होते. नाही आले असं म्हणणार नाही. उभ्याउभ्या म्हणाले, "ताई, थोडी कळ काढ. निकालापर्यंत." आई म्हणाली, "बरं." औषधवाल्यांनी गोळ्यांच्या पुडीबरोबर सल्ला फुकट दिला, "मावशी, भरपूर पाणी प्या हं."

आता आजचं. आजच्या या देखण्या सोहळ्यासाठी व्यासपीठावरच्या पाचही जणांना पुष्पगुच्छ हवे होते. मामांनी निरोप पाठवला, घरचं दुकान आहे, ताईलाच सांगा. आईने मन लावून बांधले. मघाशी सगळ्यांनी ते हातात घेऊन हसत फोटो काढलात. फुलं ताजी आहेत, त्यात ती कसूर करत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या मनात आलं असेल की फीत जरा जुनाट दिसतेय, तर त्याबद्दल आईच्या वतीने चार शब्द सांगतो.

दुपारी मी आईजवळच होतो. फुलं रचून झाली आणि आईकडची फीत संपली. दुकानं बंद. दुकानदार सगळे इथे, मामांच्या कौतुकाला, खुर्च्या मांडताहेत. आई इकडे बघते, तिकडे बघते. मग समोर बघितलं. बराच वेळ समोरच बघत राहिली. शेजारची लिंबंवाली म्हणाली, "काय गं, काय झालं?"

आई म्हणाली, "भावाचा गुच्छ उघडा पाठवू का?"

उठली. फुलांची कात्री घेतली. रस्ता ओलांडला आणि एका टोकाकडून कच्‌, दुसऱ्या टोकाकडून कच्‌. ना भाषण, ना टाळ्या. फीत गुंडाळून कमरेला खोचली, कडी काढली आणि आत गेली. लिंबंवाली उभी राहिली. मग भाजीवाल्या. मग मासळीच्या कोपऱ्यातल्या सगळ्या.

आई बाहेर आली, पदराला हात पुसले, जागेवर बसली आणि फितीचे पाच तुकडे केले. एकेका गुच्छाला एकेक गाठ. मला म्हणाली, "बघतोस काय? पाणी आण." मी तांब्या भरून आणला. तिने तो माझ्यासमोर एका दमात रिता केला. मग म्हणाली, "अजून आण."

मामा, गुच्छ खाली ठेवू नका. उलटून बघा, आतून लाल आहे. तुम्हीच मारलेली गाठ होती ती.

तर उद्या कोणी विचारलं, उद्घाटन कोणी केलं, फीत कोणी कापली, कोणाची जागा काढून घ्यायची, तर फितीचे तुकडे तुम्हा पाचांच्या हातात आहेत आणि फोटो निघालेला आहे. कोणाचं श्रेय बुडालेलं नाही. बाईंना मिळालं, ठेकेदारांना मिळालं, औषधवाल्यांना मिळालं. मामांना तर जाता जाता मिळालं. रिक्षात उद्यापासून काय ओरडायचं ते मला कोणी लिहून द्यायची गरज नाही. आणि मी यावेळी लगेच कुठे जाणार नाहीये. आईच्या शेजारी टोपली घेऊन बसणार आहे.

मामांना निवृत्तीच्या आयुष्यासाठी शुभेच्छा. त्यांना भरपूर तहान लागो.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. शिकलेला नसल्याने कुठे शब्द वेडावाकडा गेला असेल, कोणाचा मान राहून गेला असेल, तर पोरगं समजून पोटात घाला. मामी, तुम्ही रडू नका, तुमच्यावर राग नाही.

आणि हो, त्या मागच्या रांगा. शेवटी सांगतो म्हटलं होतं. मामा, बायका रुसलेल्या नाहीत. येतीलही एखाद वेळेस. दारासमोर जरा रांग आहे.