दानीएलदादाचा पेला

बायांनो, भाऊहो, बसून घ्या. दाराशी उभं राहून कुजबुजू नका. मले भाषण येत नाही, शाळेत मी नावापुरती गेली. पण परवा दानीएलदादाले माती दिली, अन् काल आपल्या मंडळीच्या पंचांनी ठरवलं की त्याच्या वस्तीतल्या लोकांसाठी प्रभुभोजनाले द्राक्षरसाचा दुसरा पेला घ्यायचा. म्हणून मीच उठली.

दादा बंडी हाके. अकोल्याहून कापूस भरून अमरावतीले जाय. जन्म वेशीबाहेरचा. आम्ही माळी. पाद्रीसाहेबांच्या मांडवात त्या उन्हाळ्यात आपण सगळे सोबत रडलो, आठवते? कोणी मातीत लोळे, कोणी आपलं पाप ओरडून सांगे. साहेब त्याले जागृती म्हणत. तवा एकाच पेल्याले सगळ्यांनी ओठ लावले. उष्टं कोणाचं, कोणी पाहिलं नाही.

मग कापूस महागला. मांडव ओस पडला, बाजार भरला. जे उरले ते पेला वरून ओतून घेऊ लागले, ओठ लागू नये म्हणून. अर्धा द्राक्षरस तोंडात, अर्धा अंगरख्यावर.

दादा आपणहून शेवटी बसे. सगळ्यांमागून ओठ लावून पिये, पेला पुसून ठेवे. मी एकदा चिडून विचारलं, "काहून शेवटी बसता दादा? तुमाले काही मान नाही का?"

तो म्हणे, "बाई, माह्यामागं कोणाले प्यायचं नसते. मंग भांडण कायचं? पेला एक राहिला म्हणजे झालं."

मले ते पटलं नाही. पुढच्या भोजनाले मी उठून त्याच्यामागं जाऊन बसली. त्याच्यानंतर प्याली, ओठ लावून. सासूनं घरी माझं ताट वेगळं केलं. अजून वेगळंच आहे. जेवण तेच लागते.

साहेब विचारत होते, त्या जागृतीतून काय उरलं? रडणं उरलं नाही. रडू तं कांदा चिरतानाही येते. उरला तो हा एक पेला. तो दादानं सांभाळला, वाद न घालता. मी वाद घालणार.

मरियाबाई, त्याची घरवाली, ही इथं समोर बसली आहे. ज्याले दुसरा पेला पाहिजे, त्यानं उभं राहावं अन् तिच्या तोंडावर सांगावं. मी थांबते.

कोणी नाही?

मंग पेला एकच राहील. आता सगळेच उभे राहा. दादासाठी गप्प राहू.