टोपीवरून रुसलेला मामा आणि कृष्णविवर

मंडळी, आज एकच सवाल घेऊन उभा राहिलोय – रुसलेल्या माणसानं परत फिरायचं नेमकं कधी? दुसऱ्या हाकेला? तिसऱ्या? बघा, माना खाली गेल्या. म्हणजे सगळे त्यातलेच!

ऐका तर! मार्तंडमामाच्या भाचीचं, कावेरीचं लग्न. मांडवात आहेर सुरू झाले. नवरीच्या काकाला फेटा – आणि मामाला? टोपी! झालं! मामानं टोपी खुर्चीवर ठेवली, चपला पायात सरकवल्या आणि निघाला रुसायला. आता रुसायचीही रीत असते बरं का! फार लांब जायचं नाही, हाक ऐकू आली पाहिजे. आणि तीनदा बोलावल्याशिवाय यायचं नाही!

गावाच्या शिवेवर होतं एक कृष्णविवर. शास्त्रज्ञ म्हणतात, ते फार फार लांब असतं. असेल! आख्यान माझं आहे, मी आणलं जवळ! त्याची ओढ अशी, की एका हद्दीच्या आत गेलेला उजेडसुद्धा बाहेर येत नाही. आणि त्या हद्दीला ना कुंपण, ना पाटी.

मामा काठावर उभा. पाठ मांडवाकडं – आणि कानही मांडवाकडंच! नवरीचा बाप आला. "मार्तंडराव, चला, मुहूर्त जवळ आला." मामा म्हणाला, "चालू द्या तुमचं. टोपीवाल्यावाचून काय अडतंय?" आणि एक पाऊल पुढं! मग बहीण आली. "दादा, चल रे, पोरगी वाट बघतेय." मामाला बरं वाटलं. मनात म्हणाला, अजून एक हाक येऊ दे, मग वळतो. आणि ऐट म्हणून आणखी एक पाऊल!

त्या पावलाला हद्द ओलांडली. मामाला काय कळलं? काही नाही! ना धक्का, ना कळ. साधा खडा टोचला असता तरी उपकार झाले असते!

तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली कावेरी धावत आली. हातात फेटा! "मामा, हा घे. तू नेल्याशिवाय मी बोहल्यावर जायची नाही."

तुम्ही म्हणाल, महाराज, आत हाक पोचते का? पोचते! बाहेरचं सगळं आत जातं, आतलं काही बाहेर येत नाही. तिथंच तर घोटाळा! मामाचा राग कुठच्या कुठं गेला. गर्रकन वळला. "आलो गं बाळे!" पाऊल मांडवाकडं टाकलं – गेला खोल. डावीकडं टाकलं – आणखी खोल. तिथं सगळ्या वाटा खालीच जातात! पाय पुढं ओढले गेले, डोकं मागं राहिलं, मामा शेवईसारखा लांबत चालला. "फेटा नको गं, टोपीच दे!" ओरडला. ऐकतो कोण?

आणि बाहेर काय दिसत होतं? मामा हद्दीवर असतानाचा शेवटचा उजेड तिथंच रेंगाळलेला, म्हणून काठावर अजून मामाची पाठ! हलेना, वळेना, नुसती तांबूस, मंद होत चाललेली पाठ. कावेरी रडत म्हणाली, "माझ्यासाठीसुद्धा वळला नाही." काकानं तिला बोहल्यावर नेलं. आत मामा ते बघत होता, हुंदके देत होता, आणि गाव म्हणत होतं – केवढा हा अहंकार!

तर मंडळी, कधी फिरायचं? पहिल्या हाकेला! हद्द कितव्या पावलाला लागते, कुणाला ठाऊक? आता हसू आवरा. त्या खांबापाशी एक जण बसलाय, इकडं समईपाशी त्याचा सख्खा भाऊ. सात वर्षं एकमेकांकडं पाठ करून माझं कीर्तन ऐकतात. नाव घेत नाही. आरती थांबवलीय मी. उठा दोघं! मी तीनदा बोलावणार नाही.