टीव्हीवर बॅले लागला तेव्हा

इथे आखातात, आमच्या मनखूल भागातल्या बिल्डिंगमध्ये समोर गलीनाआजी राहतात. मूळच्या मॉस्कोच्या, इथे मुलीकडे. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणून आमचं जमतं. रोज चहाला मीच बोलावते, नाहीतर त्यांच्या घरात काय चाललंय ते मला कळणार कसं?

मागच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा टीव्हीवर बॅले लागला होता. म्हटलं, आजी खूश होतील. तर त्यांचा कप हातातच राहिला.

"बातम्या कुठे गेल्या?"

"अहो, नाच बघा की, तुमच्याकडचाच आहे!"

"पाणी भरलंय का? मीठ आहे? वेराला फोन लाव!"

वेरा म्हणजे मुलगी, ऑफिसला गेलेली. ती फोन उचलेना. आजी म्हणाल्या, "एक्क्याण्णव सालीही मॉस्कोत असंच. रस्त्यावर रणगाडे, टीव्हीवर बातम्या बंद, दिवसभर हाच नाच. कुणी काही सांगेना. माझा नवरा बाहेर अडकलेला. आणि वर्ष संपायच्या आत आमचा सोव्हिएत देशच खलास!"

मग मीही एका हाताने वेराला फोन लावतेय, दुसऱ्या हाताने बादल्या भरतेय.

शेवटी वेराने उचलला. "मीटिंगमध्ये होते आंटी, काय झालं?"

मी घाईघाईने बातम्या लावल्या. कुठे युद्ध, कुठे आग, कुठे पूर. आजी सोफ्यावर टेकल्या. "सांगतायत ना अजून? मग ठीक आहे."

काल आमच्या लेकीने डान्स शो लावला आणि मी उठून नळ सोडला.

"मम्मा, व्हॉट आर यू डुइंग?"

म्हटलं, "आधी बातम्या लाव!"