तीन चिंचोके आणि पाच

(धुळे जिल्ह्यातल्या एका गावची शाळा. शनिवारी सुटल्यानंतर दुसरीच्या वर्गात कामिनी मॅडम, मेघा आणि मेघाची आजी इंदिराबाई.)

इंदिराबाई : तो कागद बाजूला ठेवा, मॅडम. मी कागदाशी बोलायला आलेली नाही. माझ्या नातीला सोमवारपासून पहिलीच्या पोरांत बसवणार, हे खरं की खोटं?

कामिनी : खरं आहे, अक्का. पण ती शिक्षा नाही. सुरतेहून इथे आली तेव्हा तिची पहिली बुडालेलीच होती. अंकांचा पाया कच्चा राहिलाय.

इंदिराबाई : कच्चा? गेल्या महिन्यात आमच्या अंगणात अकरा बायका ज्वारीचे बिबडे करत होत्या. वाळलेला एकेक पापड मोजून डब्यात भरला तो हिने. एकाचाही फरक नाही. मी स्वतः पुन्हा मोजून पाहिले.

कामिनी : मग चाचणीत काय होतं? चित्रात पासष्ट काड्या आहेत, हिने लिहिले पस्तीस. ही दुसरी पाहा. चौतीस काड्या, आणि उत्तर एकशे चौदा!

मेघा : माले नही बसनं पहिलीमा. त्या पोरं मातीमा खेळतंस.

कामिनी : मेघा, रडू नकोस.

मेघा : माले शाळामाच नही येनं.

इंदिराबाई : ऐकलंत? सुरतेत आईबाप कारखान्यात, ही दिवसभर खोलीत कोंडलेली. इथे आली आणि जून महिन्यात पहिल्यांदा हसली. ते हसू मी तुमच्या लाल फुलीखाली जाऊ देणार नाही. काड्या आणा. माझ्यासमोर मोजू द्या.

कामिनी : आणते. ह्या घे मेघा. सुट्याच आहेत. किती ते सांग.

इंदिराबाई : घाबरू नको. घरमा जशी मोजस, तशीच मोज.

मेघा : एक, दोन, तीन, चार...

कामिनी : छान चाललंय. अठरा, एकोणीस, वीस. अगं, ही एक काडी बाजूला का काढलीस?

इंदिराबाई : मध्ये बोलू नका. मोजताना मध्ये बोललं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, हा आमच्या घरचा नियम आहे.

मेघा : ...पाच, सहा, सात. व्हयनं.

कामिनी : आता पाटीवर लिही. सत्तावीस! पाहिलंत अक्का? काड्या सत्तेचाळीस आहेत, मी मोजून दिल्या होत्या.

इंदिराबाई : सत्तेचाळीसच तर मोजल्या तिने. दोन विसा सात.

कामिनी : काय म्हणालात?

इंदिराबाई : दोन विसा आणि सात. सत्तेचाळीस. तुम्हाला ऐकू कमी येतं का?

कामिनी : नाही, नाही. मेघा, बाळा, हा दोन कशाचा लिहिलास?

मेघा : चिंचोकाना.

कामिनी : कुठला चिंचोका?

मेघा : वीस बिबडा व्हयनात का मी वाटीमा चिंचोका टाकस. आठे शाळामा चिंचोका नही शे, म्हणून काडी काढी. दोन चिंचोका. मंग सात.

कामिनी : थांबा. तो चाचणीचा कागद द्या इकडे. पस्तीस... तीन विसा पाच. साठ आणि पाच. पासष्ट! बरोबर आहे.

इंदिराबाई : बरोबर असणारच.

कामिनी : हे एकशे चौदा. एक... आणि चौदा. मेघा, हे एकशे चौदा नाहीच ना?

मेघा : एक चिंचोका, चौदा बिबडा.

कामिनी : चौतीस! अगं माय! आणि शंभरला पन्नास लिहिलेत, म्हणजे पाच विसा आणि वर काही नाही. चाळीसला वीस. अक्का, मी सात फुल्या मारल्या आहेत आणि त्यातल्या सहा उत्तरांत मोजणी अगदी बरोबर आहे!

इंदिराबाई : सातवं?

कामिनी : अठ्ठावन्नला दोन विसा सतरा. एक कमी पडला.

इंदिराबाई : तिथे मात्र फुली राहू द्या. चुकली ते चुकली.

कामिनी : पण वीसच का, अक्का? दहाला चिंचोका का टाकत नाही?

इंदिराबाई : हाताची बोटं दहा, पायाची दहा. माणूस विसाला पुरा होतो. माझ्या सासूबाई अशाच मोजत, त्यांच्या सासूबाईही. तुम्ही लोक दहाला का थांबता, हा प्रश्न मी तुम्हाला विचारायला हवा. पायांनी काय पाप केलं?

कामिनी : आम्ही फक्त हात धरले. चपला घालून बसतो ना!

इंदिराबाई : विनोद पुरे. पोरगी तर बरोबर मोजते, मग कागद चुकतो कुठे, ते सांगा. मला आकडे वाचता येत नाहीत, मोजता येतात. नाहीतर तिची पाटी मीच रोज पाहिली असती.

कामिनी : हे पाहा, पाटीवर दोन घरं काढते. उजव्या घरात सुट्या काड्या. त्या घरात नवापर्यंतच जागा आहे. हिने तिथे चौदा बसवले.

इंदिराबाई : आणि दहावी काडी आली की?

कामिनी : दहाजणी मिळून एक जुडी होतात आणि डावीकडच्या घरात जातात. तिथे त्यांचा एकच आकडा लिहायचा.

इंदिराबाई : मग उजवं घर रिकामं पडलं.

कामिनी : तिथे शून्य लिहायचं.

इंदिराबाई : कोणी राहत नाही त्या घरालाही पाटी लावता?

कामिनी : लावावी लागते. नाही लावली, तर डावीकडची जुडी सुटी काडी समजून कोणीही वाचेल. दहाचं एक होईल.

इंदिराबाई : हं. म्हणजे रिकाम्या घरामुळे शेजारच्याची किंमत राहते. हे कोणी तरी विचार करून केलेलं आहे. मेघा, समजनं का तुले?

मेघा : मंग दहालेच चिंचोका टाकानं?

कामिनी : शाळेत दहाला. हे चौतीस तसे लिहून बघ बरं.

मेघा : दहा, एक चिंचोका. वीस, दोन. तीस, तीन. मंग चार. तीन... चार. एवढंच?

कामिनी : एवढंच. बरोबर लिहिलंस.

इंदिराबाई : उद्यापासून आमच्या अंगणातही दहालाच चिंचोका पडेल. मी सांगितलं म्हणजे अकरा बायकांना तसं मोजावं लागेल.

कामिनी : नको, अक्का. घरी विसाच राहू द्या. दोन्ही येऊ द्यात तिला. चूक घरातल्या मोजणीची नाही.

इंदिराबाई : मग कोणाची? तुम्ही कागद पाहिलात, मी मोजणी पाहिली. आपण दोघी आपापल्या जागी बरोबर, आणि मध्ये ही सात वर्षांची पोर नऊ महिने खोटी ठरली.

कामिनी : मी एकदा तरी विचारायला हवं होतं.

इंदिराबाई : मीही यायला हवं होतं. तुम्ही बोलावलंत तेव्हा वेळ नाही असा निरोप पाठवून घरी बसले.

मेघा : मॅडम, मना बरोबर व्हतं का चूक?

कामिनी : बरोबर होतं, मेघा. मला वाचता आलं नाही.

मेघा : मंग मी पहिलीमा...

कामिनी : नाही. तुझ्या जागेवर. खिडकीजवळ, दीपमालाच्या शेजारी.

इंदिराबाई : चल, उठ. दप्तर घे.

मेघा : मॅडम, मी सोमवारले येसू.